दोन वर्षांची ओळख

केळुसकरांच्या दारात कुरिअरवाला आला की त्याची दहा मिनिटांची निश्चिंती. जपानात पार्सल आलं की माणसं हसून सही करतात, नाहीतर आडनावाचा तो चिमुकला शिक्का उठवतात आणि दार लावून घेतात. केळुसकर आधी खोकं आत घेत, कात्री शोधत, चिकटपट्टी कापत, एकेक वस्तू बाहेर काढून उजेडात बघत आणि मगच सहीला पेन उघडत. कुरिअरवाला तोवर टोपी हातात घेऊन दारात उभा.

"मिळालं असं लिहून द्यायचं ना? मग काय मिळालं ते मला नको का कळायला?" हे ते त्याला मराठीत समजावत. तो बिचारा दर वाक्याला कमरेत वाकून "हाइ, हाइ" असा होकार देई. एकदा बहिणीने मालवणहून पाठवलेल्या लोणच्याच्या बरणीच्या झाकणाला चीर होती. केळुसकरांनी सही केली आणि शेजारी स्वच्छ देवनागरीत लिहिलं, 'झाकणाला चीर आहे.' जपानच्या टपालविश्वात त्या वाक्याचं पुढे काय झालं, देव जाणे.

"सही म्हणजे साक्ष," असं ते म्हणत. आणि त्याच्या पाठोपाठ, "नियम म्हणजे नियम."

हे सांगायचं कारण असं, की मीही एकदा केळुसकरांच्या कागदावर सही केली आहे. 'या गृहस्थांना मी व्यक्तिशः ओळखते' असं त्या कागदावर छापलेलं होतं. ती सही खोटी होती. मी मुद्दाम केली नाही, पण खोटी ती खोटीच. ती कशी, ते आता सांगून टाकते.

आम्ही तेव्हा तोक्योजवळच्या ग्योतोकुत राहत होतो. संध्याकाळी ग्योतोकु स्टेशनबाहेर उभं राहिलं, तर गळ्यात ओळखपत्राची दोरी अडकवलेला दर चौथा माणूस आपला निघायचा. सगळे सॉफ्टवेअरमधले. सकाळी तोझाइ लाइनची गाडी पकडायची, तोयोसुच्या काचेच्या इमारतींत दिवसभर कोणत्या तरी विमा कंपनीचा कोड लिहायचा आणि रात्री घरी येऊन फोडणीचा वास बाहेर जाऊ नये म्हणून पंखा लावून वरण करायचं. माझा नवरा समीर त्यातलाच एक. मी त्याच्यामागून आलेली, गणितात एम.एस्सी. झालेली आणि घरी बसून कचऱ्याचं वेळापत्रक पाठ करणारी बायको.

या मंडळींची एक मोठी अडचण होती. पासपोर्ट संपला, पानं संपली किंवा खराब झाला, की त्या काळी नव्या पासपोर्टच्या अर्जासोबत वकिलातीला एक ओळखीचं प्रमाणपत्र द्यावं लागे. अर्जदाराला व्यक्तिशः ओळखणाऱ्या प्रतिष्ठित भारतीय माणसाने त्याच्या फोटोवर आणि कागदावर सही करायची. प्रतिष्ठित कोण, याची यादीच होती. बँकेतला अधिकारी, डॉक्टर, वकील, शिक्षक, सरकारी अधिकारी. सॉफ्टवेअर इंजिनिअर त्या यादीत नव्हता. अख्खं ग्योतोकु इंजिनिअरांनी भरलेलं, आणि त्यात प्रतिष्ठित माणूस औषधालाही नाही. नातेवाईक तर नाहीच नाही.

ओळखीपाळखीत यादीत बसणारा एकच माणूस होता. शेजारच्या उरायासुत राहणारे, एका भारतीय बँकेच्या तोक्योतल्या शाखेचे अधिकारी, यशवंत केळुसकर. वय पन्नाशीच्या पलीकडे, एकटे, शर्टाच्या खिशात दोन पेनं. निळं लिहायला आणि काळं सहीला.

या सहीसाठी माणसं काय काय करत! दिवाळीत केळुसकरांकडे चकल्यांचे पाच डबे जमत. ते सगळे खात आणि प्रत्येकाला खरा अभिप्राय देत. "चकली उत्तम. ओळख अपुरी." एखादा पोरगेला इंजिनिअर लाडात येऊन "काका" म्हणाला, की ते दचकत. "काका नको. नातं लागलं तर सही बाद. इथल्यासारखं केळुसकर-सान म्हणा. सानला कसलंच नातं चिकटत नाही." म्हणून आम्ही सगळे त्यांना केळुसकर-सान म्हणायचो. बँकेतली जपानी मंडळी 'केरुसुकारु-सान' म्हणायची.

त्यांच्याकडे एक लांबट निळी वही होती. जो कोणी भेटेल त्याचं तिच्यात एक पान. वर नाव, खाली पहिल्या भेटीची तारीख आणि प्रसंग, आणि मग बारीक अक्षरात काय काय नोंदी. दोन वर्षांची ओळख पुरी झाली की सही, आणि सही देऊन झाली की त्या पानावर खाली लाल रेघ. एकदा त्यांच्या शाखेतला एक जपानी सहकारी बदलून गेला. त्याच्यासाठीच्या शुभेच्छापत्रावर सगळ्यांनी 'तुमची फार आठवण येईल' वगैरे लिहिलं. केळुसकरांनी लिहिलं, 'यांची माझी ओळख चार महिन्यांची आहे. या काळात यांनी मला कसलाही त्रास दिला नाही.' ते कोणी तरी भाषांतर करून दाखवल्यावर म्हणे तो जपानी गृहस्थ फार हलला होता. इतरांच्या शुभेच्छा त्याने वाचल्याही नसतील.

तर आमची पाळी आली ती वॉशिंग मशीनमुळे. समीर व्हिसाच्या कामाला गेला होता, पासपोर्ट पँटच्या मागच्या खिशात. पँट मी मशीनमध्ये टाकली. खिसे तपासायचं काम कोणाचं, यावर आमचं अजून एकमत नाही. चाळीस मिनिटांनी मशीनने मंजुळ आवाजात काम झाल्याचं कळवलं तेव्हा आत एक निळी पुरचुंडी होती. फोटोतला समीर धुऊन चांगला उजळला होता. जन्मतारीख वाहून गेली होती.

आणि दसऱ्याच्या आसपास सांगलीला सासऱ्यांची साठीशांत. समीर एकुलता एक मुलगा. गुरुजी ठरलेले, केटरर ठरलेला, सासूबाई फोनवर रोज विचारत, "तिकिटं काढलीत ना?" मी म्हणे, "काढतोच आहोत." सासूबाईंना सांगणार काय, की तुमचा मुलगा मी धुतला?

आम्ही मिठाई घेऊन उरायासुला गेलो. दारातच केळुसकरांनी मिठाई घेतली, निळी वही काढली, पान उलटलं.

"समीर आणि मंजिरीबाई. पहिली भेट मराठी मंडळाच्या सभागृहातल्या गणपतीत, दुसऱ्या दिवशी, ऋषिपंचमीला. आरतीत मंजिरीबाई चुकल्या होत्या." त्यांनी बोटांवर मोजलं. "दोन वर्षं पुरी व्हायला अजून पाच आठवडे आहेत."

"अहो, पाच आठवड्यांनी काय फरक पडतो?" समीर म्हणाला.

"दोन वर्षं म्हणजे दोन वर्षं. नियम म्हणजे नियम."

मी गणिताची. इथे मला माझं डोकं चालवायची हुक्की आली. म्हटलं, "केळुसकर-सान, भेट ऋषिपंचमीला झाली ना? मग तिथीने धरा. आपलं वर्ष इंग्रजी वर्षापेक्षा अकरा दिवसांनी लहान. दोन वर्षांत बावीस दिवस वाचतात."

केळुसकरांचा चेहरा उजळला. असं बोलणारं माणूस त्यांना फार दिवसांत भेटलं नव्हतं. "मुद्दा बिनतोड आहे. तिथीने धरू." त्यांनी भिंतीवरची दिनदर्शिका उतरवली, चष्मा वर केला, पानं उलटली. आणि मग अत्यंत सहानुभूतीने माझ्याकडे बघितलं.

"मंजिरीबाई, यंदा अधिक श्रावण आहे."

त्यामुळे पंचमी पुढे गेली होती. इंग्रजी तारखेपेक्षा आठ दिवस पुढे. मी म्हटलं, "मग राहू द्या, तारखेनेच धरा." तर म्हणाले, "छे! तुमचा मुद्दा मला पटलाय. अधिकस्य अधिकं फलम्." परतीच्या गाडीत समीर माझ्याशी एक अक्षर बोलला नाही. उतरताना एवढंच म्हणाला, "एम.एस्सी."

बरं, नुसती वाट बघून भागणार नव्हतं. "दोन वर्षं झाली तरी ओळख पक्की हवी," असं म्हणत केळुसकर दर रविवारी बरोब्बर साडेदहाला आमच्याकडे येऊ लागले. सहा रविवार. पहिल्या रविवारी त्यांनी आमचा कचरा बघितला. "माणूस कळतो तो कचऱ्यात." बाटल्या वेगळ्या, झाकणं वेगळी, लेबलं सोलून वेगळी, हे पाहून त्यांनी मान डोलावली. मात्र जळणाऱ्या कचऱ्यात एक बॅटरी सापडली. ती कोणाची, हे आम्ही दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवून सांगितलं. वहीत नोंद झाली.

मग प्रश्न. तेही दोघांना वेगवेगळे बसवून.

"समीर रागावले की काय करतात?"

"भांडी घासतो."

"मग बरंय. त्यांच्या उजव्या कानामागे काय आहे?"

"तीळ."

"डाव्या," आतून डोकावत समीर ओरडला.

"तुम्ही बोलू नका. तुमची ओळख तुम्ही द्यायची नसते. मंजिरीबाई, त्यांच्या चहात साखर किती?"

"नाही. अजिबात नाही. त्याच्या घरी सगळ्यांना शुगर आहे, मी लग्नानंतर बंदच केली."

केळुसकरांनी समीरकडे पाहिलं, समीरने खिडकीबाहेर पाहिलं. "हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा," ते म्हणाले. "माणसाच्या चहात साखर किती, हे न विचारता ठाऊक असलं की ओळख झाली. बाकी सगळं पुरवणी." मग त्यांनी वहीत काही तरी बरंच लांब लिहिलं.

मी त्यांनाही चहा देत असे. मी सांगलीची. आमच्याकडे चहात साखर घालत नाहीत, साखरेत चहा घालतात. ते स्टीलच्या पेल्यातला चहा शेवटच्या थेंबापर्यंत पीत आणि "उत्तम" म्हणत. दुसरा कप विचारला की तोही घेत. एकदा म्हटलं साबुदाण्याची खिचडी करते, तर पुढच्या रविवारी साडेदहाऐवजी सव्वादहालाच हजर. येताना भारतीय दुकानातून शेंगदाणे घेऊन. निघायची वेळ झाली की दारात बूट घालताना फार वेळ लावत. एक बूट घालून झाला की काही तरी आठवे. "त्या कपाटाची मूठ सैल आहे, पुढच्या वेळी स्क्रू-ड्रायव्हर आणतो." तेव्हा मला वाटे, हा गृहस्थ कधी एकदाचा जातोय.

ऋषिपंचमी उजाडली. केळुसकर सकाळी आठला, इस्त्रीचा शर्ट घालून आले. काळं पेन काढलं. कागद त्यांनी स्वतःच आणला होता, कोऱ्या प्रती त्यांच्याकडेच असत. आम्हाला तोंड फिरवून बसायला लावलं, सही केली, कागद पाकिटात घातला, पाकीट चिकटवलं आणि त्यावर लिहिलं, 'गोपनीय.' मग निळी वही उघडली, पट्टी लावली आणि आमच्या पानावर लाल रेघ मारली. रेघ मारताना त्यांचा हात जरा थांबला होता. ते मला आत्ता आठवतंय. तेव्हा मी तिकिटांच्या विचारात होते.

साठीशांत झाली. समीर आदल्या दिवशी पोचला, पण पोचला. सासरे साठ दिव्यांच्या उजेडात गोड हसले. आम्ही परत आलो, केळुसकरांना सांगलीची हळद आणि भडंग कुरिअरने पाठवलं. ते मिळाल्याची त्यांची चिठ्ठी आली. 'भडंग चारशे नव्वद ग्रॅम. उत्तम.' मी हसले आणि चिठ्ठी फ्रिजवर लावली.

त्यानंतर आम्ही त्यांना बोलावलंच नाही. मुद्दाम असं नाही. आज करू, उद्या करू. स्टेशनवर एक-दोनदा पलीकडच्या फलाटावर दिसले, तेव्हा हात केला. त्यांनी पिशवी खाली ठेवून दोन्ही हात केले. तेवढ्यात गाडी मध्ये आली.

अशी दोन वर्षं गेली. दरम्यान भारतीय मुलांसाठीच्या एका शाळेत मला गणिताची नोकरी लागली. म्हणजे मी शिक्षिका झाले. म्हणजे, हे माझ्या ध्यानातही आलं नव्हतं, मी प्रतिष्ठित झाले. ते ध्यानात आलं एकाच माणसाच्या.

एका शनिवारी दुपारी घंटी वाजली. दारात केळुसकर, इस्त्रीचा शर्ट, हातात पाकीट.

"मंजिरीबाई, माझा पासपोर्ट संपतोय. महिनाभराने मुदत संपते. पुढे व्हिसा, नोकरी, सगळंच त्याच्यावर. मला ओळखणारा माणूस हवा आहे."

"पण तुमच्या बँकेत साहेब आहेत ना?"

"नवे आलेत, सहा महिन्यांपूर्वी. त्यांना विचारलं. म्हणाले, 'द्या इकडे, कुठे करू?'" केळुसकरांचा आवाज दुखावलेला होता. "कागद बघितला नाही. माझ्याकडे बघितलं नाही. फोनवर बोलत बोलत पेन काढलं. तसली सही मला नको. वही चाळली. यादीत बसणाऱ्या आणि दोन वर्षांवर ओळख असलेल्या अशा तुम्ही एकट्याच निघालात."

मला आतून उकळ्या फुटत होत्या. सहा रविवारांचा वचपा काढायची अशी संधी पुन्हा येणार नव्हती. समीरला मी आतल्या खोलीत पिटाळलं, केळुसकरांना खुर्चीवर बसवलं, कागद-पेन घेतलं.

"केळुसकर-सान, सही म्हणजे साक्ष. प्रश्न विचारावे लागतील."

"अर्थात!" ते खुशीत सावरून बसले.

"घरी कोण कोण?"

"आई होती. मी इकडे आल्यावर दुसऱ्या वर्षी गेली. बहीण मालवणला."

"लग्न?"

"ठरलं होतं. तीन वेळा भेटून माणूस काय कळणार? मी जरा वेळ मागितला. त्यांना घाई होती."

"रागावलात की काय करता?"

यावर त्यांनी विचार केला. "कोणावर?" असं त्यांनी विचारलं. खरोखरच माहिती हवी होती म्हणून.

मी माझा कागद बाजूला ठेवला. मग पाकिटातून ते प्रमाणपत्र काढून वाचायला घेतलं. पहिल्यांदाच वाचत होते. आमच्या वेळचं पाकीट गोपनीय, चिकटवलेलं. कागद छोटासाच होता. नाव, पत्ता, 'मी या अर्जदारास व्यक्तिशः ओळखतो/ओळखते', मी नातेवाईक नाही, सही, हुद्दा. उलटून बघितला. मागे कोरा. पुन्हा पहिल्यापासून वाचला.

"केळुसकर-सान, यात दोन वर्षं कुठे आहेत?"

ते चष्मा पुसायला लागले.

"दोन वर्षांची ओळख हवी असं कुठेच लिहिलेलं नाही."

"लिहिलेलं नाही," ते म्हणाले.

"मग तो नियम?"

"माझा आहे."

मला आधी असा संताप आला म्हणता! ते पाच आठवडे, ते आणखी आठ दिवस, सासूबाईंशी मारलेल्या थापा, समीरचं ते 'एम.एस्सी.'. आतल्या खोलीतून समीरचा "काय?" असा आवाज आला. मग मला आठवलं, की वकिलातीचा नियम आहे असं केळुसकर कधी म्हणालेच नव्हते. नियम म्हणजे नियम, एवढंच म्हणत. कोणाचा, हे ग्योतोकुत एवढ्या हुशार माणसांपैकी एकानेही विचारलं नव्हतं.

"पण का?" मी विचारलं.

त्यांनी चष्मा घातला, काढला, परत पुसला.

"पहिल्या वर्षी मी लगेच सह्या करायचो, मंजिरीबाई. अकरा जणांना केल्या. चांगली मुलं होती. येत, बसत, गप्पा मारत. सही झाली की येत नसत. म्हणजे वाईट नाहीत हो, कामं असतात माणसांना. मग मी म्हटलं, दोन वर्षं. दोन वर्षं तरी येतात." जरा थांबून म्हणाले, "तुमचं तर अधिक महिन्यामुळे आणखी आठ दिवस चाललं."

माझा चेहरा कसा झाला असेल, माहीत नाही. फ्रिजवर ती भडंगाची चिठ्ठी अजून होती. मी सही केली. काळ्या पेनाने, पूर्ण नावाने, हुद्द्यासकट. त्यांनी ती उजेडात धरून बघितली, "उत्तम" म्हणाले, आणि बूट पटकन घालून गेले. काही आठवलं नाही त्यांना या वेळी. मी चहा विचारायचंही विसरले होते.

समीर बाहेर आला.  सरळ ओट्याशी गेला आणि धुतलेलीच भांडी पुन्हा घासायला लागला.

पुढच्या रविवारी मी खिचडी केली. साडेदहा झाले, अकरा झाले. केळुसकर आले नाहीत. का येतील? त्यांच्या हिशेबाने सही झाली होती. सही झाली की यायचं नसतं, हे त्यांना आमच्याइतकं नीट कोणी शिकवलं होतं? मी खिचडी डब्यात भरली आणि आम्ही उरायासुची गाडी पकडली.

दार उघडून केळुसकर आमच्याकडे बघतच राहिले. घरच्या लेंग्यात होते.

"सहीत काही चूक झाली का?"

"नाही."

"फोटो परत पाठवला?"

"नाही हो. काही काम नाहीये, काका," समीर म्हणाला.

काका म्हटल्यावर ते दचकले नाहीत. "काम नाही," एवढंच पुटपुटले आणि बाजूला झाले.

चहा त्यांनीच केला. तीन कप आणून ठेवले. न विचारता. माझ्या कपात दोन चमचे, अगदी सांगलीच्या मापाने. समीरने घोट घेतला आणि त्याच्या चेहऱ्यावर असं काही समाधान पसरलं, की मी त्याचा कप ओढून चव घेतली. माझ्यापेक्षा गोड!

"समीर बाहेर अडीच चमचे घेतात," केळुसकर खाली बघत म्हणाले. "वहीत आहे. गोपनीय होतं."

समीरचं मी घरी जाऊन बघणार होते. पण तेवढ्यात माझं लक्ष तिसऱ्या कपाकडे गेलं. साखरेचा डबा त्यांनी बंद करून वर ठेवला होता, आणि तिसऱ्या कपात चमचाच नव्हता.

"तुम्ही किती घेता?" मी विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा.

"मी नाही घेत. डायबिटीस आहे. चौदा वर्षं झाली."

"अहो, मग आमच्याकडे? सहा रविवार? दोन-दोन कप?"

"तुम्ही विचारलं नव्हतं," ते म्हणाले. तक्रार म्हणून नव्हे, पार्सलात काय निघालं ते सांगावं तसं. "आणि पाहुण्याने अटी घातल्या, की बोलावणी कमी होतात."

मी कप खाली ठेवला. आठ दिवसांपूर्वी मी पूर्ण नावाने, हुद्द्यासकट लिहून दिलं होतं, की या माणसाला मी व्यक्तिशः ओळखते. मला फार लाज वाटली. अशी की डोळ्यांत पाणी आलं, आणि ते लपवायला मी जरा आवाज चढवूनच बोलले.

"ती वही द्या इकडे. निळी."

त्यांनी बिचकत दिली. एवढ्या माणसांची पानं होती तिच्यात, आणि बहुतेकांवर लाल रेघ. मी कोरं पान काढलं. वर लिहिलं, 'केळुसकर, यशवंत.' खाली लिहिलं, 'साखर: नाही.' आणि पहिल्या भेटीच्या जागी त्या दिवसाची तारीख घातली.

ते वाकून बघत होते. "मंजिरीबाई, हे चुकलं. आपली पहिली भेट ऋषिपंचमीची. चार वर्षं झाली."

"ती धरायची नाही. आजपासून मोजायचं."

"पण सही तर तुम्ही केलीत."

"खोटी केली. आता ती खरी करायला हवी. दोन वर्षं लागतील. दर रविवारी साडेदहाला यावं लागेल. नियम म्हणजे नियम."

 केळुसकर उठले, भिंतीवरची दिनदर्शिका उतरवली, पुढच्या वर्षाचं पंचांग कपाटातून काढलं, आणि आमच्याकडे पाठ करून बराच वेळ पानं उलटत राहिले. मग तसंच, पाठमोरेच, त्यांनी विचारलं,

"मध्ये एक अधिक महिना येतोय. तो धरायचा का?"

"धरायचा," मी म्हटलं.